आधी मजकूर, मग वळण : वाचनालयाच्या विश्वस्त मंडळास खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व विश्वस्त यांना सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचनालयाचं नवं संकेतस्थळ गेल्या महिन्यात सुरू झालं. उद्घाटनाला मी मागच्या रांगेत बसले होते आणि टाळ्या मनापासून वाजवल्या, कारण सभागृहातल्या पडद्यावर तेव्हा फक्त पहिलं पान दाखवलं होतं. रात्री घरी आल्यावर मायच्या मोबाइलवर अहिराणी गाण्यांचं पान उघडून दिलं. माय पाचवीपर्यंत शिकलेली, सावकाश पण नीट वाचते. तिने फोन लांब धरला, पुन्हा जवळ आणला आणि मला विचारलं, "हाई काय लिखेल शे?" त्या पानावरची नऊ गाणी तिचीच आहेत. तुमच्याच कार्यकर्त्यांनी आमच्या ओट्यावर बसून, तिच्या तोंडून ऐकून ती वहीत उतरवून घेतली होती.

संकेतस्थळाचे फाँट, म्हणजे अक्षरांची वळणं, आपल्या मजकुराला पेलत नाहीत, हे मी आधी कार्यालयात येऊन तोंडी सांगितलं, मग लेखी अर्ज दिला. डिझाइन सभेत मंजूर झालंय, बिल निघालंय आणि लोकांना फाँट आवडलेत, एवढं उत्तर मिळालं. वाचनालय सभासदांचं आहे, गाणी गावाची आहेत, म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

माझा यात जीव का गुंतलाय ते सांगते. वाचनालयाच्या दारावरची लाकडी पाटी माझ्या वडिलांनी रंगवली आहे. नानांना सगळा तालुका पेंटर म्हणूनच ओळखायचा. किराणा दुकानं, पिठाच्या गिरण्या, केळीच्या ट्रकांच्या मागच्या फळ्या, निवडणुकीच्या भिंती, सगळं त्यांनी केलं, पण वाचनालयाच्या पाटीला चार दिवस घेतले. मी तेव्हा सातवीत होते. खडू चोळलेल्या सुतळीचं एक टोक धरायचं काम माझं. सुतळी ताणून टिचकी मारली की फळीवर पांढरी रेघ उठते; तिच्याखाली अक्षरं लोंबतात. पण सुतळी काढण्याआधी नानांनी तुमच्या त्या वेळच्या चिटणीसांकडून पूर्ण मजकूर कागदावर लिहून मागितला होता. कोणती अक्षरं येणार ते कळल्याशिवाय वळण ठरवता येत नाही, असं ते म्हणायचे. 'सार्वजनिक' मध्ये रफार आहे, म्हणजे रेघेच्या वर जागा सोडायला हवी. 'वाचनालय' मध्ये दोन काने आहेत, शब्द रुंद होणार, म्हणजे फुगीर अक्षर घेऊन चालणार नाही. असा सगळा हिशेब आधी व्हायचा, रंगाचा डबा त्यानंतर उघडायचा.

मी बारा वर्षं जळगावात संकेतस्थळं बांधते. फाँट निवडताना अजून तेच करते: आधी मजकूर, मग वळण. नक्षीदार अक्षरांचं मला वावडं नाही, उलट वेडच आहे. संगणकावर मी त्यांची कपाटं भरून ठेवली आहेत. सजावट गावातून कशी उगवते हे खान्देशाला कुणी शिकवायची गरज नाही. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं ते पहिलं. त्याची सजावट चित्रकार नंदलाल बोस यांनी केली, ती बांबू आणि गवतासारख्या हाताशी असलेल्या सामानातून. इथल्या वस्तू, इथली माणसं, आणि तरीही डोळ्यांचं पारणं फिटावं अशी शोभा. नव्या संकेतस्थळावरची शोभा मला खुपते, कारण ती आपल्या मजकुराकडे एकदाही न बघता निवडली आहे.

आता तक्रारी सांगते.

पहिली तक्रार वाचनालयाच्या नावाची. पहिल्या पानावर ते इंग्रजीत, सगळ्यात मोठ्या आकारात आहे. त्या इंग्रजी अक्षरांच्या डोक्यावर रेघ ओढून त्यांना देवनागरीचा पोशाख चढवलाय. खरं मराठी नाव त्याखाली बारीक, करड्या रंगात. ज्याला देवनागरी वाचता येत नाही आणि नुसता भास पुरतो, अशा परमुलखातल्या गिऱ्हाइकासाठी असले फाँट निघाले. आपल्याकडे खरी देवनागरी दारावर आहे. मग आत भास का ठेवावा?

दुसरी तक्रार माझ्या मते सगळ्यात मोठी, म्हणून जरा थांबून सांगते. शीर्षकांसाठी जो वळणदार फाँट वापरलाय, त्याला आपली भाषा येत नाही. देवनागरीचा फाँट म्हणजे क पासून ज्ञ पर्यंतची अक्षरं नव्हेत. प्रत्येक व्यंजनाचं अर्धं रूप, रफार, रकार, जोडाक्षरं, आणि ती कुठे कशी बसायची याचे नियम हे सगळं फाँटच्या पोटात असावं लागतं. ओपनटाइप या आजच्या रूढ प्रकारच्या फाँटमध्ये त्यासाठी वेगळी कोष्टकं असतात, आणि ब्राउझर ती वाचून अक्षरं जुळवतो. कोष्टक अपुरं असलं की जोडाक्षर फुटतं. अहिराणीत 'मन्हा', 'तुन्हा', 'मन्ही' हे शब्द ओळीओळीला येतात. तुमच्या शीर्षकात 'मन्ही माय' मधला न पाय मोडून उभा आहे आणि ह त्याच्यापासून फटकून. 'वाऱ्या' मधला र असाच अडतो. 'ऱ्य', 'ऱ्ह' यांचा र हिंदीला लागत नाही, म्हणून हिंदीपुरत्या बनवलेल्या अनेक हौशी फाँटांत तो नसतोच. 'ॲ' तर युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीतच, २००८ मध्ये आला, त्याआधीच्या फाँटांत तो कुठून असणार? फाँटात अक्षर नसलं की ब्राउझर ते दुसऱ्या फाँटातून उसनं आणतो. म्हणून तुमच्या 'ॲप' या शब्दात पहिलं अक्षर साधं आणि दुसरं वेलबुट्टीचं दिसतं.

ल आणि श यांचंही तसंच. मराठीचा ल दोन पाकळ्यांचा, हिंदीचा ल दंडाचा. श चं वळणही वेगळं. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची रूपं ठरवून दिली आहेत. नानांच्या पाटीवरचा ल पाकळ्यांचा आहे, संकेतस्थळावरचा दंडाचा. ज्यांना हा फरक बारीक वाटतो त्यांनी एवढंच पाहावं की 'टिरो देवनागरी' हा फाँट करणाऱ्यांनी हिंदी, मराठी आणि संस्कृतसाठी तीन वेगळे फाँट काढले. काही फाँटांत दोन्ही रूपं असतात, आणि पानाची भाषा मराठी आहे अशी खूण पानाच्या कोडमध्ये केली की मराठी रूप आपोआप येतं. मी तुमच्या पानाचा कोड उघडून पाहिला. भाषेच्या जागी इंग्रजी लिहिलंय.

तिसरी गोष्ट थोडक्यात. शीर्षकांत अक्षराअक्षरांत अंतर सोडलंय. इंग्रजीत ते शोभतं, मराठीत शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ओळीची उंची इतकी कमी ठेवली आहे की वरची मात्रा आणि खालचा उकार कापला जातो. शिवाय बहुतेक नक्षीदार फाँट एकाच जाडीचे असतात. शीर्षकाला 'ठळक' सांगितलं की ब्राउझर स्वतःच अक्षर फुगवतो, मग ध आणि घ यांची पोटं बुजतात. तीन ओळींची दुरुस्ती आहे. दहा मिनिटं लागतील.

चौथी तक्रार मायच्या गाण्यांची. ती गाणी युनिकोडमध्ये नाहीत. छापखान्यातली जुनी फाइल जशीच्या तशी उचलून पानावर टाकली आहे. जुन्या फाँटांत पडद्यावर एक दिसतं आणि आत दुसरंच साठवलेलं असतं. कृतिदेव या अशाच जुन्या फाँटमध्ये 'क' उमटतो तेव्हा संगणकाच्या लेखी तो इंग्रजी 'डी' असतो. म्हणून तो ठरावीक फाँट फोनवर पोचला नाही की गाण्याच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. मायने पाहिला तो हाच. ओळ उचलून व्हॉट्सॲपवर पाठवली तरी तेच. गाण्यांतल्या देवीचं नाव, 'कानबाई', टाकून शोधलं तर काहीच सापडत नाही, कारण त्या पानावर 'कानबाई' हा शब्द संगणकाला दिसेल असा लिहिलेलाच नाही. आपल्या वाचनालयात दृष्टिहीन सभासद आहेत, ते फोनकडून वाचून घेतात. त्यांच्या फोनने हे पान वाचलं तेव्हा काय ऐकू आलं असेल याचा विचार करा. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला तिथे स्वतंत्र जागा आहे. र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल फाँट विंडोज २००० बरोबर संगणकांवर पोचला. इतक्या वर्षांनी आपण आपलीच गाणी पुन्हा कुलपात घातली. सूचनांचं पान तर निव्वळ चित्रांचं आहे, त्यात मजकूर नावाला नाही. पुस्तक परत करायची मुदत वाढवली हे कुणाला शोधूनही सापडणार नाही.

पाचवी तक्रार वजनाची. पहिल्या पानावर सहा फाँट उतरतात, सगळे टीटीएफ या न दाबलेल्या स्वरूपात. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटात शेकडो आकृत्या असतात, म्हणून तो इंग्रजी फाँटापेक्षा जड असतो. वॉफ-टू हे वेबसाठीचं दाबून लहान केलेलं स्वरूप २०१८ पासून अधिकृत मानक आहे. त्यात तोच फाँट पुष्कळदा निम्म्याहून लहान होतो. अनेक ब्राउझर फाँट उतरेपर्यंत ३ सेकंदांपर्यंत मजकुराची जागा कोरी ठेवतात. तोवर साध्या अक्षरात मजकूर दाखव, असं सांगायची सोय आहे, ती वापरलेली नाही. जळगावच्या ऑफिसात हे जाणवणार नाही. सातपुड्याच्या पायथ्याला, जिथे नेटवर्कसाठी लोक झाडाखालची ठरावीक जागा धरून उभे राहतात, तिथून एकदा पान उघडून बघा.

सहावी तक्रार लिहिताना मला वाईट वाटतं, कारण ती वाचनालयाच्या नावाला लागते. शीर्षकांचा फाँट फुकट डाउनलोडच्या कुठल्याशा ठिकाणाहून घेतला आहे. त्याच्यासोबत आलेल्या फाइलमध्ये 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असं स्पष्ट लिहिलंय. ती फाइल कुणी उघडली नाही. विकतच्या फाँटांतही छपाईचा परवाना वेगळा आणि वेबचा वेगळा असू शकतो. एक घेतला म्हणजे दुसरा मिळाला असं नसतं. अक्षर घडवणारा माणूस एकेक जोडाक्षर हाताने बसवतो. पेंटरची मजुरी बुडवू नये हे आपल्याला कळतं, तेच इथे लागू आहे.

आणि फुकट, रीतसर, उत्तम असं पुष्कळ आहे हो! गूगल फाँट्सवर देवनागरी लिपी निवडली की मोठी यादी समोर येते. तिथले बहुतेक फाँट ओपन फाँट लायसन्सखाली आहेत. हा परवाना संकेतस्थळावर वापरायला, बदलायला, वाटायला मुभा देतो. फक्त फाँट नुसताच सुटा विकायचा नाही आणि बदललेला फाँटही त्याच परवान्याखाली द्यायचा. 'यात्रा वन' बघा. मुंबईच्या लोकल रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो घडवलाय. भुसावळ जंक्शन उतरून घरी येणाऱ्याला तो परका वाटणार नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट घडवणाऱ्या संस्थेचा 'मोदक' इतका गुबगुबीत आहे की लहान आकारात त्याच्या फटी बुजतात, पण बालविभागाच्या एका मोठ्या शब्दाला तो किती गोड दिसेल. त्यांचाच 'बालू' शीर्षकांना चालेल, 'मुक्ता' लांब मजकुराला. 'रोझा वन' जाड-बारीक रेघांचा, समारंभाच्या पानाला शोभेल. राज्य मराठी विकास संस्थेने 'यशोमुद्रा' खास मराठीसाठी करवून घेतला, तोही पाहावा. यातला कुठलाही मी डोळे मिटून घ्या म्हणत नाही. तिथल्या नमुन्याच्या चौकटीत आपला मजकूर टाकून पाहावा. माझ्याकडे त्यासाठी एक कागद आहे. त्यावर 'मन्ही', 'तुन्हा', 'वाऱ्यावर', 'कऱ्हाड', 'ॲप', 'ऑक्टोबर', 'कर्के', 'चिठ्ठ्या', 'ल्हान', 'शाळा' असे शब्द लिहिलेत. जो फाँट हा कागद पार करतो तो ठेवायचा, बाकीचे कितीही सुंदर असोत, मराठीच्या कामाला नाहीत.

फाँट सांभाळण्याबद्दल तर तुम्हालाच जास्त कळेल असं मला वाटतं. वाचनालयात एक पुस्तक आलं की ग्रंथपालबाई दाखल नोंदवहीत क्रमांक, नाव, कर्ता, आवृत्ती, कुठून आलं, किंमत हे सगळं लिहितात आणि मगच ते कपाटात जातं. फाँटचं तेच करायचं. नाव, कुणी घडवला, कितवी आवृत्ती, कुठून उतरवला, कोणत्या तारखेला, परवाना कोणता, आणि संकेतस्थळावर कुठे वापरला. परवान्याची फाइल फाँटसोबत त्याच फोल्डरमध्ये. मी स्वतः हे शिकले ते नुकसान सोसून. एकाच नावाच्या दोन आवृत्त्या माझ्या संगणकावर होत्या, गिऱ्हाइकाचं काम जुन्यावर झालं आणि संकेतस्थळावर नवी चढली. रुंदी बदलल्याने सगळ्या ओळी घसरल्या, रात्रभर बसून निस्तरलं. तेव्हापासून जुनी-नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरात ठेवते आणि चालू कामाला लागतात तेवढेच फाँट संगणकात चढवते.

माझ्या मागण्या सरळ आहेत.

अहिराणी गाण्यांचं पान युनिकोडमध्ये करावं. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण ती 'ऱ्य' आणि 'न्ह' सारख्या जागी चुकू शकतात, म्हणून रूपांतर झाल्यावर ओळ न् ओळ गाणाऱ्या बायकांसमोर वाचून दाखवावी आणि दुरुस्त करावी. हे काम कानबाईच्या आधी व्हावं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा सुरतेला, पुण्याला गेलेली आपली माणसं हीच गाणी शोधत असतात. रोट करताना माय कुणाकुणाला फोनवर ओळी सांगत बसते, दरवर्षी.

वाचनालयाचं नाव देवनागरीत, पहिलं आणि मोठं करावं. इंग्रजी नाव खाली साध्या अक्षरात चालेल.

नक्षीदार फाँट एकच ठेवावा, तोही फक्त शीर्षकांना. बाकी सगळा मजकूर एका साध्या, मराठी रूपं असलेल्या फाँटात. दोन्ही वॉफ-टू स्वरूपात. फाइल लहान करण्यासाठी आकृत्या छाटायच्या असतील तर जोडाक्षरं छाटली जाणार नाहीत हे बघून. नाहीतर एक दुखणं काढून दुसरं घालू. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी लिहावी.

सूचना चित्रात देऊ नयेत. पोस्टर करायचंच असेल तर खाली तोच मजकूर टाइप करून द्यावा.

परवाना नसलेला फाँट आजच काढावा. यासाठी सभेची वाट बघू नये.

फाँटांची नोंदवही सुरू करावी, आणि पुढच्या वेळी संकेतस्थळाचं बिल काढण्याआधी एखाद्या स्वस्त फोनवर, गावाबाहेर जाऊन, एका सभासदाकडून पान वाचून घ्यावं. तो वाचू शकला असं त्याच्या सहीनिशी लिहून घ्यावं.

शेवटची मागणी दारावरच्या पाटीची. ती काढून तिथे दिव्यांचा बोर्ड लावायचा ठराव आहे असं ऐकते. काढायचीच असेल तर त्याआधी तिचे समोरून, सपाट उजेडात मोठे फोटो काढू द्या. 'सार्वजनिक वाचनालय' या दोन शब्दांत फार थोडी अक्षरं आहेत, त्यांतून पूर्ण फाँट होत नाही, पण नानांनी रंगवलेल्या आणखी सात-आठ पाट्या तालुक्यात अजून शाबूत आहेत. सगळ्यांतून मिळून बरीच वर्णमाला जमेल. ती घडवून खुल्या परवान्याखाली वाचनालयाच्या नावाने द्यायची माझी तयारी आहे. त्यात 'न्ह' मी पहिला काढणार.

वर लिहिलेली सगळी दुरुस्ती मी विनामूल्य करून देईन. ज्यांनी संकेतस्थळ बांधलं त्या मुलांशी माझं भांडण नाही. ती हुशार आहेत, त्यांना मजकूर कुणी दिलाच नव्हता, नुसता 'छान दिसू द्या' एवढा निरोप होता. त्यांना सोबत घेऊनच मी बसेन.

येत्या रविवारच्या सभेत मला पंधरा मिनिटं द्यावीत. शब्दांचा कागद मी घेऊन येते, माय सोबत असेल. वाचनालयातला संगणक आणि कुणाचा तरी साधा फोन एवढंच लागेल.

आपली,
वाचनालयाची आजीव सभासद, पेंटरांची मुलगी